फुटबॉलची जर्सी पाठीत फाटते, रग्बीची खांद्यात

नाताळ अंकाच्या संपादकांचा निरोप आला, फुटबॉल आणि रग्बी या दोन खेळांतलं कौशल्य आणि आपल्या इकडच्या पेपरवाल्यांनी, केबलवाल्यांनी त्यांना दिलेली वागणूक, यावर लिहा. मी म्हटलं, तुमचा माणूस चुकला. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. आयुष्यात चेंडूला लाथ मारली ती फक्त कुंपणावरून आमच्या केळीत आला तेव्हा. ते म्हणाले, पण दोन्ही टीमच्या जर्स्या तुम्हीच शिवत होता ना?

शिवत होते. बरं, लिहिते. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर मला मशीनला बसू देत नाहीत आणि हात गप्प राहत नाहीत. सून म्हणते, मम्मी, जरा स्वस्थ बसा. स्वस्थ बसायला मी काय देवळातला पुतळा आहे?

आमचं दुकान अर्नाळ्याच्या रस्त्याला, क्रूसाच्या समोर. नवरा शर्ट-पँटचा टेलर. तो गेला आणि त्याच्या पाठोपाठ गिऱ्हाइकंही गेली. नव्वदच्या पुढचा काळ. इकडे वाड्या तोडून बिल्डिंगी उठत होत्या, तिकडे रेडीमेडची दुकानं. पँट शिवायला कोण येतो? दुकान तगलं ते जर्स्यांवर. गावागावाची फुटबॉल टीम, आणि प्रत्येकीला छातीवर आपल्या गावाचं नाव पाहिजे. ते रेडीमेडमध्ये मिळत नाही.

शिवणाऱ्याला खेळ बघावा लागत नाही. फाटलेला कपडा परत आला की तो सगळं सांगतो. फुटबॉलला पातळ, घसरतं कापड लागतं, कारण सगळी करामत पायात आणि अंग मोकळं पाहिजे. बघणारे म्हणतात, हा अंगाला हात न लावता खेळायचा खेळ. मग माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक जर्सीची पाठीकडची शिवण कशी उसवलेली असायची? रेफरीने मान वळवली की मागचा पुढच्याची जर्सी ओढतो आणि लगेच हात वर करून साधू होतो. खेळ वाईट नाही. डोळा, पाय आणि वेळ, तिन्ही जुळावं लागतं. एका जागी उभ्या मुलाने तीन जणांना चकवलेलं मी पाहिलंय. पण त्यात ती मागची ओढ असतेच.

रग्बी आणली आमच्या गावच्या दुमनीकने. तो फोर्टात नोकरीला होता, तिथल्या मैदानावर शिकला आणि एका रविवारी चेंडू घेऊन दुकानात आला. चेंडू कसला, पिकलेली पपई. म्हणाला, "इस्तेरबाय, जर्सी अशी शिव, दोन मानसं लोंबकळली तरी सुटता नाय पायजे."

"जर्सी शिवू का पाळणा?"

"पाळनाच शिव. आत सोळा पोरं भांडतात."

त्याने मला समजावलं ते मी तुम्हाला समजावते. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण द्यायचा तो मागच्याला. पुढे फेकला तर चूक. म्हणजे जायचं पुढे आणि बघायचं मागे. समोरच्याने धरून पाडायचं, आणि पडल्यावर चेंडू सोडायचा, मग लगेच उठायचं. मध्येच आठ-आठ जण डोकी घालून एकमेकांना रेटतात. पलीकडच्या रेषेमागे चेंडू जमिनीला टेकवला की गुण. इथे ओढाओढ रेफरीच्या नाकासमोर, राजरोस. म्हणून ती जर्सी पाठीत फाटत नाही. खांद्यात फाटते, गळ्यात फाटते, काखेत फाटते. मी जाड सुती कापड घेतलं, खांद्याला आतून दुसरा पदर लावला, काखेत कळी, म्हणजे जादा तुकडा, टाकली, सगळीकडे दुहेरी शिवण. बटणं तोंडाला लागतात म्हणून बाळाच्या झबल्यासारख्या कापडी गुंड्या केल्या. पँटला खिसे ठेवले तर दुमनीक ओरडला, "खिसे काढ! पाडताना बोट आत अडकलं की मोडलंच." खिशाशिवाय पँट शिवणं मला नागव्याला टोपी घातल्यासारखं वाटलं. पण काढले.

आणखी एक फरक आहे. तो लक्षात ठेवा, पुढे लागेल. फुटबॉलमध्ये आमच्याकडे नंबर माणसाचा असायचा. दहा नंबर म्हणजे बस्त्याव. टीम बदलो, रंग बदलो, दहा त्याचाच. रग्बीत नंबर जागेचा. दोन नंबर म्हणजे रेटारेटीत पुढच्या ओळीच्या मधला. तिथे जो उभा राहील तो दोन.

बस्त्याव म्हणजे आमच्या आळीतल्या पेद्रूचा थोरला. पायात जादू होती, खोटं कशाला बोलू. आमच्याकडच्या साप्ताहिकात एक निवृत्त गुरुजी खेळाचं पान लिहायचे. ते स्वतः फुटबॉल खेळलेले, त्यामुळे त्याचं नाव आठवड्याआड यायचंच. 'बस्त्यावची चपळ चढाई', 'बस्त्यावचा अचूक नेम'. फोटो तोच, जुना, एक पाय चेंडूवर. धाकटा फेलू. रुंद, जाडसर, सावकाश. फुटबॉलमध्ये त्याला गोलात उभा करायचे, कारण गोलाची जागा भरायची. गोल झाला की बांधावरचे सगळे हसायचे. रग्बी आली आणि तो दोन नंबरला उभा राहिला. तिथून त्याला कोणालाच हलवता येईना.

पण रग्बी लिहिणार कोण? गुरुजी स्कूटरवरून जाताना एकदा थांबले. उतरले नाहीत, एक पाय जमिनीला टेकवला.

"कोण जिंकतंय, इस्तेरबाय?"

"ढिगाखालून वर येतील तेव्हा कळेल, गुरुजी."

पुढच्या अंकात दोन ओळी होत्या: 'रग्बी सामन्यात दोघे जखमी.' जिंकलं कोण ते नव्हतं. मी गुरुजींना दोष देत नाही. फुटबॉलचं कौशल्य लांबून दिसतं, ते उघड्यावर असतं. रग्बीचं ढिगाच्या पोटात असतं. जवळ गेल्याशिवाय दिसत नाही, आणि जवळ कोण जातो? मी जायचे, कारण मला जावं लागायचं. रेषेच्या कडेला स्टूल, मांडीवर सुईदोरा. जादा जर्स्या टीमकडे नव्हत्या. फाटली की पोरगा पळत यायचा, मी अंगावरच चार टाके घालायची आणि तो परत पळायचा. सुई टोचली म्हणून एकही ओरडला नाही.

पेद्रूला तेव्हा लकवा झाला होता. उजवी बाजू गेलेली, दिवसभर खाटेवर, समोर टीव्ही. तोही त्याच्या काळातला फुटबॉलवाला. पायांवर जगलेला माणूस, आता पाय उचलायला बायको लागायची. त्याच्या नाडीच्या पँटी मी शिवायची. द्यायला गेले त्या दिवशी घरात तणातणी चालली होती. फेलूच्या मामाने त्याच्यासाठी बोटीवर काम पाहिलं होतं, स्वयंपाकघरात. नाताळ झाला की निघायचं. इकडे मुंबईच्या रग्बीवाल्यांनी त्याला हेरलं होतं. इथेच राहा, आमच्याबरोबर सराव कर, पुढच्या निवडीला तुला उभा करतो, असं ते म्हणत होते. फेलूला राहायचं होतं.

पेद्रू म्हणाला, "टीवीवर क्रिकेट दिसतं, फुटबॉल दिसतो, सणाची मिरवनूक पन दिसते. तुजा खेळ दिसत नाय. जो दिसत नाय तो खेळ नाय, ती मारामारी."

"पपा, या टायमाला केबलवाला येनार हाय. दुमनीकने बोलावलाय."

"मग झालं तर. नाव आलं तर राहा. नाय आलं तर मामाची बोट. परत कटकट नको."

बस्त्याव खिडकीत बसून चिंच खात होता. "पपा, याचं नाव घ्यायला याचं तोंड दिसायला पायजे. हा सारखा ढिगाखाली!"

सगळे हसले. फेलूही हसला. मी पँटी ठेवून निघाले.

सामना रविवारी देवळातल्या मिसानंतर, मुंबईच्या टीमशी. त्याच दिवशी शेजारच्या गावात फुटबॉलची फायनल, त्यामुळे सगळा गाव तिकडे. आमच्याकडे मी, दुमनीकची बायको, चार म्हातारे आणि बांधावर बगळे. नालासोपाऱ्याच्या केबलवाल्याने मिलिंदला पाठवलं होतं. लग्नाचं शूटिंग करणारा मुलगा. लांब टेम्पोच्या टपावर कॅमेरा लावून बसला, खाली उतरायला तयार नाही. "मावशी, लग्नात बरं असतं," म्हणाला, "नवरा-नवरी कुठं आहेत ते तरी माहीत असतं."

दुमनीकने बस्त्यावलाही घेतला होता, लाथ चांगली म्हणून; त्याची फुटबॉलची टीम फायनलला पोचलीच नव्हती. रग्बीतही दहा नंबरचं काम बरंचसं पायाचं. त्याने दोन झकास किक मारल्या आणि तिसऱ्या वेळी एका जाड्या पोराने त्याला पाडलं. घोटा मुरगळला. लंगडत बाहेर आला आणि माझ्या स्टुलाजवळ बसला. थोड्या वेळाने फेलू आला. त्याची दोन नंबरची गळ्यापासून काखेपर्यंत उघडी, अर्धी लोंबत. टाक्यांचं काम नव्हतं ते. जर्सीला खांदाच राहिला नव्हता.

मी बस्त्यावला म्हटलं, "काढ तुझी."

"माजी? दहा नंबर?"

"तू काय बसून खेळणार आहेस?"

काढली. फेलूच्या अंगात ती बसेना, मी आणि दुमनीकच्या बायकोने ओढून घातली. आणि तो आत गेला.

शेवटी शेवटी दोन्हीकडे सारखे गुण. ढिगातून चेंडू सुटला तो फेलूच्या हातात. पळणारा मुलगा नव्हे तो. एक कमरेला लोंबकळला, एकाने खांदा धरला, एकाने गळा. तिघांना घेऊन तो चालत राहिला, बैल गाडा ओढतो तसा. रेषेमागे गेला आणि वाकून चेंडू खाली ठेवला. आपटला नाही. भाजीची भरलेली पाटी डोक्यावरून उतरवतात तसा, दोन्ही हातांनी ठेवला. जिंकलो. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. बगळे उडाले.

केबलवर सामना दाखवला तेव्हा मी मुद्दाम पेद्रूकडे गेले. घरात मंडळी जमलेली. पडद्यावर चित्र मागाहून, आवाज आधी, असला कारभार. आता केबलचा उद्योग ऐका. शूटिंग करणारा एक, बोलणारा दुसरा. बोलणारा नालासोपाऱ्याच्या खोलीत बसून नंतर आवाज भरायचा. त्याला नंबर आणि नावं सांगितलेली, बाकी डोळ्यासमोर काही घडलेलं नाही. तो म्हणाला, "दोन नंबरचा खेळाडू फेलू, जर्सी फाटल्यामुळे मैदानाबाहेर!" आणि मग शेवटी ओरडला, "दहा नंबर! बस्त्याव! काय ताकद, काय जिद्द! फुटबॉलचा राजा रग्बीतही राजा!" लांबून, चिखलात, एकावर एक चढलेली माणसं. फक्त पाठीवरचा आकडा दिसत होता. मीच शिवलेला.

पेद्रूच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चांगल्या हाताने तो खाट बडवत होता. "बस्त्या! बस्त्या रे!"

मी म्हटलं, "पेद्रू, तो फेलू आहे."

"टीवीवाला आंधळा हाय काय?"

"आंधळा नाही. तो आलाच नव्हता."

पेद्रूने मान वळवली. "बस्त्या, तू सांग."

फेलू भावाकडे बघत होता. बस्त्याव टीव्हीकडे बघत होता. म्हणाला, "एवढी गर्दी होती पपा, कोनी काय केलं, मलाच धड आठवत नाय."

खोटं बोलला का? नाही. नुसती भावाची जर्सी मागून ओढली. फेलू उठला आणि बाहेर जाऊन केळींना पाणी सोडायला लागला. नेहमी नाव येणाऱ्याला ते आपलंच असणार असं वाटायला लागतं, हे मला तेव्हा कळलं. पण कळलं म्हणून राग गेला नाही.

दोन दिवस माझं कामात मन लागलं नाही. मशीनला बसायची, उठायची. शेवटी नालासोपाऱ्याला केबलच्या ऑफिसात गेले. मिलिंदला म्हटलं, कॅसेट लाव, पुन्हा बघ, सांग लोकांना.

"मावशी, त्या कॅसेटवर लग्न भरलं. आम्ही टेप परत वापरतो." त्याने लावूनही दाखवली. हळद लागलेली नवरी हार घालत होती. "जिथं ही हार घालतेय ना, तिथं तुमचा फेलू होता."

गुरुजींकडे गेले. त्यांनीही केबल बघूनच लिहिलं होतं, 'बस्त्यावचा रग्बीतही पराक्रम', वर तोच जुना फोटो, पाय गोल चेंडूवर. मी सांगितलं ते त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग चष्मा पुसत म्हणाले, "इस्तेरबाय, फुटबॉलची चूक असती तर पुढच्याच अंकात दुरुस्त केली असती. रग्बीची चूकदुरुस्ती छापली तर लोक विचारतील, रग्बी म्हणजे काय? ते समजवायला जागा कुठली?" माणूस सज्जन होता. पण चूक छापायला जागा होती, दुरुस्तीला नव्हती. ती कधी आली नाही. टीमची पोरं सांगत राहिली, पण टीव्हीपुढे त्यांचं कोण ऐकतो? आजही गावात कोणाला विचारा, मुंबईवाल्यांना कोणी हरवलं? बस्त्यावने, म्हणतील. आता प्रत्येकाच्या हातात कॅमेरा आहे, तरी मला भरवसा वाटत नाही. टपावर बसणारा टपावरच बसतो.

फेलू दुकानात आला तो कापड घेऊन. "बाय, दोन पँटी शिव. बोटीवर लागतील."

"तू बोलत का नाहीस? तोंड आहे ना?"

"काय बोलू? भावाला चोर बोलू? पपा किती दिवसांनी खुशीत हाय." मग दाराकडे गेला आणि वळून म्हणाला, "खिसे ठेव हां. बोटीवर खिसे लागतात."

"आणि ती फाटलेली जर्सी आण, शिवते."

"ती कशाला आता?"

मी पँटी बेतल्या. खिसे कापले. खरं सांगते, कात्री चालेना. चांगलं जाड कापड होतं, कात्रीला धार होती, तरी चालेना.

आठवडाभराने बस्त्याव लंगडत आला. दहा नंबरची जर्सी टेबलावर टाकली. "बाय, शिवून दे. गुरुजी नवीन फोटो काढनार हायत. रग्बीचा चेंडू घेऊन."

मी जर्सी पसरली. खांदा सुटलेला, गळ्याची गुंडी उपटलेली, आतला पदर चिरत काखेपर्यंत गेलेला. तिघांनी धरल्याशिवाय माझी शिवण अशी सुटत नाही.

"बस्त्याव, तुझ्या जर्स्या मी किती वर्षं शिवतेय?"

"पहिल्यापासून."

"कुठं फाटतात?"

"पाठीत."

"आणि ही?"

बस्त्याव समोरच्या क्रूसाकडे बघायला लागला, जसा काही तो उत्तर देणार.

"ही मी शिवणार नाही," मी म्हटलं. "घरी ने. पपाच्या मांडीवर ठेव. कुठं फाटलीय ते दाखव. तो फुटबॉल खेळलाय, त्याला समजेल. मग तो म्हणाला तर शिवीन."

"तू नाय शिवलीस तर दुसरा शिवील."

"शिवील की. दुकानं पुष्कळ झालीत."

त्याने जर्सीची गुंडाळी केली आणि बगलेत मारून गेला. घराकडे गेला की स्टेशनकडे, ते मी बघितलं नाही. दुकान चालवायला लागल्यापासून मी आलेलं काम कधी परत पाठवलं नव्हतं. त्या दिवशी एका पोरीच्या फ्रॉकची बाही उलटी लावली, उसवली, पुन्हा उलटीच लावली. चहा केला, प्यायला विसरले. दोनदा दारात येऊन रस्त्याकडे बघितलं. स्वतःलाच म्हटलं, इस्तेर, तुझं काय जातं? बोट त्यांची, पोरगा त्यांचा. आणि तिसऱ्यांदा दारात गेले.

देवळाची संध्याकाळची घंटा झाली आणि फेलू आला. हातात दोन्ही जर्स्या, दोन नंबर आणि दहा नंबर.

"बस्त्याने दिली?"

"पपाने दिली." तो उभाच राहिला. "बस्त्याने पपाच्या मांडीवर ठेवली आनि भिंतीकडे तोंड करून बसला. पपा चांगल्या हाताने खांदा चाचपत होता. किती वेळ तेच करत होता. मग मला बोलला, तुजी आन. मी आनली. ती पन चाचपली."

"बोलला काय?"

"बस्त्याला काय नाय बोलला. मला बोलला, इस्तेरला सांग, दोन नंबरची आदी शिव, बोटीच्या पँटीची घाई नाय."

मी जर्सी घेतली आणि मशीनला बसले. फेलू तिथेच घुटमळत होता. टेबलावर त्याच्या बोटीच्या पँटी पडल्या होत्या, अर्ध्या शिवलेल्या, खिसे टाचून ठेवलेले. त्याने एक उचलली, उलटीसुलटी करून बघितली आणि माझ्यापुढे ठेवली.

"खिसे काढ, बाय."

काढले. खिशाचं कापड जाड होतं. दोन नंबरच्या खांद्याला आतून तेच लावलं.